खिशातली तालिका : ग्रंथपाल आणि वाचकांसाठीची मोबाइल ॲप्स

ग्रंथालयात उपयोगी पडणाऱ्या मोबाइल ॲप्सची यादी करणे सोपे आहे. त्यांपैकी कोणते ॲप कोणत्या ग्रंथालयात खरोखर चालेल हे ठरवणे मात्र अवघड आहे, कारण वाचकाला पडद्यावर जे दिसते ते पडद्यामागच्या नोंदींवर, त्या नोंदी ज्या पद्धतीने टंकलेल्या आहेत तिच्यावर आणि ग्रंथ देण्याघेण्याचे हक्क कोणाकडे आहेत यावर अवलंबून असते. म्हणून ॲपची उपयुक्तता तपासताना खुद्द ॲपपेक्षा त्याच्यामागची तालिका, म्हणजे संग्रहातील ग्रंथांची शोधता येईल अशी सूची, अधिक बारकाईने पाहावी लागते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्यास सांगते आणि मोबाइल ॲपच्या बाजूचा बहुतेक युक्तिवाद याच सूत्राच्या आधाराने केला जातो. परंतु कपाटात असलेले पुस्तक ‘उपलब्ध नाही’ असे चुकीचे उत्तर क्षणार्धात मिळणे ही काही वेळेची बचत नव्हे.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात जाते आणि त्यांची अ, ब, क व ड अशी वर्गवारी होते. यांतील बहुसंख्य ग्रंथालये क आणि ड वर्गातील, म्हणजे लहान संग्रहाची, एखाद-दुसऱ्या कर्मचाऱ्यावर चालणारी आणि तुटपुंज्या अनुदानावर तगून असलेली आहेत. दुसऱ्या टोकाला रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय (१८२८), नाशिकचे सार्वजनिक वाचनालय (१८४०) किंवा पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) यांसारख्या जुन्या संस्था आहेत, ज्यांच्या कपाटांत एकोणिसाव्या शतकातील मुद्रितेही सापडतात. आणि या दोहोंहून वेगळे असे महाविद्यालयांचे व विद्यापीठांचे जग आहे, जिथे मूल्यांकनाच्या रेट्याने संगणकीकरण बऱ्यापैकी झालेले आहे. या तिन्हींना एकच यादी पुरणार नाही हे उघड आहे.

ग्रंथपालाच्या बाजूने पाहता मूळ साधन म्हणजे ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली, अर्थात दाखल नोंदवही, तालिका, सभासदांची नोंद आणि देवघेव ही चारही कामे एकत्र सांभाळणारी संगणकीय व्यवस्था. भारतात या संदर्भात तीन नावे प्रामुख्याने ऐकू येतात. कोहा ही न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी तयार झालेली आणि २००० च्या आरंभापासून वापरात असलेली मुक्त प्रणाली असून तिचा परवाना विनामूल्य असतो, मात्र ती बसवण्यासाठी आणि सांभाळण्यासाठी जाणकार माणूस लागतो. सोल ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने मुख्यतः महाविद्यालये व विद्यापीठे यांच्यासाठी विकसित केलेली प्रणाली आहे. तर ई-ग्रंथालय ही राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची प्रणाली असून तिची चौथी आवृत्ती क्लाउडवर, म्हणजे ग्रंथालयात स्वतंत्र सर्व्हर न ठेवता दूरच्या सरकारी संगणकांवर चालते. ई-ग्रंथालयाला जोडलेले मोबाइल ॲपही आहे. कोहाची वाचकांसाठीची तालिका मात्र फोनच्या ब्राउझरमध्येच पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलून दिसते. तिचे चिन्ह फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवले की वाचकाच्या दृष्टीने तेच ॲप ठरते. अशा स्थितीत ग्रंथालयाच्या नावाचे व बोधचिन्हाचे स्वतंत्र ॲप खासगी विक्रेत्याकडून बनवून घेण्याचा आग्रह वार्षिक सभेत टाळ्या मिळवून देण्यापलीकडे फारसा उपयोगाचा नसतो, आणि दरवर्षी द्यावे लागणारे देखभाल शुल्क मात्र कायमचे मागे लागते.

साठा पडताळणीच्या, म्हणजे वर्षाकाठी कपाटातील ग्रंथ दाखल नोंदवहीशी ताडून पाहण्याच्या कामात मात्र फोन खरोखर कामाला येतो. फोनच्या कॅमेऱ्याला बारकोड वाचणारे यंत्र बनवून वाचलेला क्रमांक थेट संगणकावर पाठवणारी अनेक साधी ॲप्स मिळतात, त्यामुळे लहान ग्रंथालयाला वेगळा स्कॅनर विकत घ्यावा लागत नाही. ज्या ग्रंथांना रेडिओ लहरींवर वाचल्या जाणाऱ्या चिपा, म्हणजे आरएफआयडी टॅग, लावलेल्या आहेत तेथे टॅगचा प्रकार पाहणे आवश्यक असते, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारे टॅग एनएफसी सुविधा असलेले पुष्कळसे फोन वाचू शकतात, परंतु त्याहून उच्च वारंवारतेचे टॅग सामान्य फोनला वाचता येत नाहीत.

पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा बारकोड टिपला की शीर्षक, लेखक, प्रकाशक ही माहिती आपोआप भरणारी ॲप्स लहान संग्रहांच्या यादीकामासाठी फार आकर्षक वाटतात. २००५ मध्ये सुरू झालेले लायब्ररीथिंग आणि त्याच कंपनीने छोट्या ग्रंथालयांसाठी काढलेले टायनीकॅट ही त्यांतील परिचित नावे होत. अशी ॲप्स आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, दूरच्या सूचींत शोधतात आणि तेथील नोंद उचलून आणतात. इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत हे बहुधा सुरळीत होते. मराठीत अडचणींची रांगच लागते. आयएसबीएनची पद्धत १९७० च्या सुमारास जगात रूढ होऊ लागली आणि तेरा अंकी क्रमांक २००७ पासून आला. १९७० च्या आधीच्या मराठी ग्रंथांवर हा क्रमांक असण्याचा प्रश्नच नाही, आणि नंतरही अनेक छोट्या प्रकाशकांनी तो घेतलेला नाही. क्रमांक असला तरी परदेशी सूचीत त्या पुस्तकाची नोंद असेलच असे नाही, आणि नोंद असली तर ती बहुधा रोमन लिपीत असते, कारण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या संस्था मराठी ग्रंथांची शीर्षके प्रामुख्याने लिप्यंतराच्या ठरीव नियमांनी, अक्षरांवर-खाली चिन्हे देऊन, रोमनमध्ये नोंदवतात. ही माहिती जशीच्या तशी आत घेतलेल्या तालिकेत देवनागरीत शोध घेणाऱ्या वाचकाच्या हाती काहीही लागत नाही.

दिवाळी अंकांची गोष्ट तर याहून वेगळी. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढल्यापासून हा मराठी वाचनव्यवहाराचा कणा राहिलेला प्रकार आहे, आणि दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेऊन स्वतंत्र देवघेव चालवणारी वाचनालये आजही कितीतरी आहेत; तरीही कोणत्याही परदेशी ॲपला तो पुस्तक आहे की नियतकालिक हेच धड ठरवता येत नाही. अंकातील कथा, लेख, मुलाखती यांची लेखवार सूची नसेल तर अंकाचे नाव आणि वर्ष एवढ्यावर वाचकाचे काम भागत नाही. हे सूचीकाम कोणत्याही ॲपमध्ये तयार मिळत नाही. ते ग्रंथपालालाच हाताने करावे लागते.

शोधाचा खरा घोळ लिपीत आहे आणि त्याकडे ॲप निवडणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते. फोनवर ‘वाऱ्यावरची वरात’ टंकणाऱ्या दोन वाचकांच्या पडद्यावर अगदी सारखी अक्षरे दिसली तरी संगणकाच्या लेखी ती वेगळी असू शकतात, कारण युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात मराठीतला अर्धा ऱ दोन मार्गांनी लिहिता येतो : एक स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त यांच्या जोडणीने, आणि दुसरा साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. तसेच ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्याआधीच्या नोंदींत ते ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिलेले असते आणि संगणक या दोघांना आपणहून एक मानत नाही. त्यात शुद्धलेखनाच्या इतिहासाची भर पडते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये स्वीकारले जाण्यापूर्वी छापलेल्या ग्रंथांच्या शीर्षकांत आज न लिहिले जाणारे अनुस्वार सर्रास आढळतात, ह. ना. आपटे यांच्या कादंबरीच्या शीर्षकातील शब्द जुन्या शीर्षकपृष्ठाप्रमाणे ‘लक्षांत’ असा नोंदवला असेल तर ‘लक्षात’ असा शोध घेणारा वाचक रिकाम्या हाताने परततो. ग्रंथपालाने शीर्षकपृष्ठाबरहुकूम नोंद करणे हे शास्त्राला धरूनच आहे, म्हणून उपाय असा की मूळ शीर्षकाबरोबर आजच्या लेखनाप्रमाणे पर्यायी शीर्षकही नोंदवावे आणि शोधयंत्रणेच्या अनुक्रमणिकेत ही रूपे एकत्र मानण्याची सोय करून घ्यावी. ही सोय फोनवरच्या ॲपमध्ये करता येत नाही; ती मूळ प्रणालीतच करावी लागते.

याहून गंभीर वारसा जुन्या फाँटांचा आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी ज्या ग्रंथालयांनी उत्साहाने संगणकीकरण केले त्यांच्या नोंदी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचे फाँट वापरून टंकलेल्या आहेत. या पद्धतीत देवनागरी केवळ दिसण्यापुरती असते, आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. तो फाँट नसलेल्या फोनवर अशी तालिका उघडली की निरर्थक चिन्हांची माळ दिसते. फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, पण जोडाक्षरांत त्यांच्याकडून चुका होतात आणि हजारो नोंदी पुन्हा नजरेखालून घालाव्या लागतात. जे ग्रंथालय आधी आणि निष्ठेने पुढे गेले त्यालाच आज दुप्पट काम करावे लागते, हा या प्रश्नातील एक क्रूर विनोदच म्हणावा लागेल. नव्याने नोंदी भरणाऱ्यांना गूगलच्या कळफलकातील मराठी श्रुतलेखनाचा, म्हणजे बोललेले शब्द टंकून देणाऱ्या सोयीचा, चांगला उपयोग होतो. व्यक्तिनामे आणि जुनी शीर्षके मात्र तपासल्याशिवाय स्वीकारू नयेत.

प्रत्यक्ष व्यवहारात ग्रंथपाल आणि वाचक यांना जोडणारे ॲप कोणते, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोधण्याचे कारण नाही. ते व्हॉट्सॲप आहे. नव्या पुस्तकांची यादी, मुदत संपल्याची आठवण, वर्गणीची सूचना, एखादे पुस्तक राखून ठेवण्याची विनंती हे सारे त्यावरून होते आणि वर्गणी यूपीआयने भरली जाते. यासाठी ग्रंथपालाने स्वतःच्या खासगी क्रमांकाऐवजी ग्रंथालयाच्या क्रमांकावर व्हॉट्सॲप बिझनेस हे २०१८ मध्ये आलेले विनामूल्य ॲप वापरणे श्रेयस्कर, कारण त्यात कामाच्या वेळा दाखवता येतात, ठरावीक उत्तरे साठवून ठेवता येतात आणि सभासदांना लेबले लावून वेगळे करता येते. सर्व सभासदांचा एक गट करणे टाळावे, कारण अशा गटात प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना दिसतो आणि महिन्याभरात गटाचे रूपांतर सुप्रभात संदेशांच्या फलकात होते. त्याऐवजी प्रसारण यादी वापरावी, फक्त तिच्यावरचा संदेश ज्यांनी ग्रंथालयाचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो हे ध्यानात ठेवावे.

वाचकाला घरबसल्या पुस्तक उसने देणाऱ्या ॲपचे जगातील ठळक उदाहरण म्हणजे ओव्हरड्राइव्ह या अमेरिकी कंपनीचे, २०१७ मध्ये आलेले लिबी. सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदत्व असलेला वाचक त्यावरून ई-पुस्तके व श्राव्य पुस्तके ठरावीक मुदतीसाठी घेतो आणि मुदत संपताच ती आपोआप परत जातात. वरवर साध्या दिसणाऱ्या या सोयीमागे कठोर करार असतात. छापील पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे होते, ई-पुस्तकाचा मात्र केवळ परवाना मिळतो : हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये एका परवान्यावर २६ वेळाच पुस्तक देता येईल अशी अट घातली, आणि मॅकमिलनने २०१९ मध्ये नव्या ई-पुस्तकांच्या ग्रंथालयीन विक्रीवर आठ आठवड्यांचे निर्बंध घातले, जे ग्रंथालयांच्या विरोधानंतर मार्च २०२० मध्ये मागे घेतले गेले. इंटरनेट आर्काइव्हने स्वतःकडील छापील प्रतींचे स्कॅन एका वेळी एका वाचकाला देण्याचा मार्ग चोखाळला, पण प्रकाशकांनी भरलेल्या दाव्यात अमेरिकी अपील न्यायालयाने २०२४ मध्ये त्याच्या विरोधात निकाल दिला.

मराठीत ई-पुस्तकांची बाजारपेठ आहे, परंतु तिचा रोख ग्रंथालयाकडे नसून एकेकट्या ग्राहकाकडे आहे. पुण्याच्या बुकगंगाचे ॲप, डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके विकणारे किंडल, आणि २०१७ मध्ये भारतात येताना मराठीलाही बरोबर घेणारे स्टोरीटेल हे स्वीडिश श्राव्य पुस्तकांचे ॲप, ही सर्व व्यक्तिगत खरेदी किंवा वर्गणी यांवर चालतात. त्यांच्या एका खात्यातून पन्नास सभासदांना पुस्तके देणे हे कराराच्या विरुद्ध होय. ग्रंथालयीन परवान्याची मराठी व्यवस्था उभी राहत नाही तोवर लंडन, न्यू जर्सी किंवा दुबईतील मराठी वाचकाला नाशिकच्या वाचनालयाचे सभासदत्व घेऊन ई-पुस्तक वाचता येईल ही कल्पना कागदावरच राहणार. ही पोकळी टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफ प्रतींनी भरून काढली आहे, आणि ग्रंथालयाच्या अधिकृत क्रमांकावरून अशी प्रत पुढे पाठवली जाणे हा कायद्याचा भंग ठरतो, त्यामागचा हेतू कितीही चांगला असो.

कायदेशीर विनामूल्य साहित्य मात्र वाटते त्यापेक्षा पुष्कळ आहे आणि त्याची वाट दाखवणे हे ग्रंथपालाचेच काम आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे उलटली की साहित्य मुक्त होते, त्यामुळे १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी प्रकाशने, मराठी विश्वकोशाचे खंड आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके संबंधित संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ‘ग्रंथसंजीवनी’ हे दालन दुर्मीळ ग्रंथ दाखवते. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या आणि १९ जून २०१८ रोजी राष्ट्रार्पण झालेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचे ॲप या सर्व प्रकारच्या स्रोतांचा एकत्र शोध देते, पण ते मुख्यतः पत्ता सांगते, पुस्तक प्रत्येक वेळी हाती देत नाही, आणि कित्येक नोंदी मूळ संस्थेच्या कुंपणापाशी थांबतात; हा फरक वाचकाला आधीच समजावून सांगितला तर निराशा टळते. मुलांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीव्हीवर आणि राष्ट्रीय पुस्तक न्यासाचे राष्ट्रीय ई-पुस्तकालय ही दोन्ही निःशंकपणे सुचवावीत अशी आहेत. पहिल्यातील मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्याने त्या छापून बालविभागात ठेवण्यासही हरकत नसते.

ज्या एका वाचकवर्गासाठी मोबाइल हा पर्याय नसून ग्रंथालयच आहे तो म्हणजे दृष्टिबाधित आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या इतर व्यक्तींचा. २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रत तयार करण्यास मुभा मिळाली, आणि याच हेतूच्या मराकेश कराराला अनुमोदन देणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयातून नोंदणीकृत सभासदाला डेझी स्वरूपातील पुस्तके मिळतात. डेझी म्हणजे असे स्वरूप की ज्यात ऐकणारा वाचक प्रकरण, पान किंवा वाक्य यांनुसार पुढे-मागे जाऊ शकतो. अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक ही सोय पडद्यावरचा मराठी मजकूर वाचून दाखवते, पण तो मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच. स्कॅन केलेली पीडीएफ तिच्या लेखी केवळ चित्र असते आणि जुन्या फाँटमधील पीडीएफ तर डोळस माणसाला सुबक दिसत असूनही कानाला अगम्य ध्वनींची खिचडी ऐकवते, हा आधी आलेल्या फाँटच्या प्रश्नाचाच दुसरा, अधिक वेदनादायक चेहरा. छापील पानाचा फोटो घेऊन त्यातील देवनागरी अक्षरे ओळखणारे गूगल लेन्स येथे तात्पुरती मदत करते; खिळ्यांच्या छपाईतील फिकट व तुटक अक्षरे मात्र त्यालाही दगा देतात. एवढे सगळे हाताशी असताना तालुक्याच्या वाचनालयाने एखाद्या दृष्टिबाधित सभासदाची सुगम्य पुस्तकालयात नोंदणी करून देणे ही सेवा आणखी दहा कपाटे घेण्याहून मोठी आहे.

संशोधक वाचकांविषयी थोडक्यात सांगता येईल. संदर्भांची टिपणे व सूची सांभाळणाऱ्या साधनांत झोटेरो हे मुक्त असून त्याचे ॲप आयफोनसाठी २०२२ मध्ये व नंतर अँड्रॉइडसाठीही आले. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके खुली केली असून २०२५ ते २०२७ या काळासाठी तिची तरतूद ६,००० कोटी रुपयांची आहे. सार्वजनिक ग्रंथालयातील स्वतंत्र अभ्यासक या योजनेच्या बाहेर आहे.

ॲपची शिफारस करताना त्याच्या आयुर्मानाचा विचार क्वचितच होतो. संदर्भ सांभाळणाऱ्या मेंडेले या साधनाचे मोबाइल ॲप २०२१ मध्ये बंद झाले, ओव्हरड्राइव्हचे जुने ॲप २०२३ मध्ये, आणि भारतीय भाषांतील असंख्य पुस्तके स्कॅन करणाऱ्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे मूळ संकेतस्थळच कालांतराने मिटले, त्यातील पुस्तके आज हाती लागतात ती इंटरनेट आर्काइव्हवर त्यांच्या प्रती घेतल्या गेल्या म्हणून. यास्तव कोणतीही प्रणाली घेण्यापूर्वी सर्व नोंदी मार्क या आंतरराष्ट्रीय नोंदस्वरूपात, निदान साध्या तक्त्याच्या स्वरूपात, बाहेर काढून मिळतील काय हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि वर्षातून एकदा ते प्रत्यक्ष करून पाहावे.

उरतो तो सभासदाच्या खासगीपणाचा प्रश्न. जुन्या देवघेव पत्रिकेवर कोणी काय वाचले हे एका खणात बंद असे. आता तीच माहिती दूरच्या संगणकावर जमा होते आणि ॲप बनवणाऱ्याच्याही हाताशी येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले असून तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट घातली आहे, म्हणजे बालविभागासाठी एखादे ॲप सुरू करणाऱ्या ग्रंथालयाला सभासद अर्जापासूनच बदल करावा लागेल. परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदीतून वाचकाचे नाव ठरावीक काळानंतर पुसून टाकण्याची सोय कोहामध्ये आहे. ती आपोआप चालू नसते, ग्रंथपालाला प्रणालीच्या मांडणीत जाऊन ती चालू करावी लागते, आणि ग्रंथ हरवल्यास वसुलीसाठी नोंद किती दिवस ठेवायची हे कार्यकारी मंडळाला ठरावाने निश्चित करावे लागते.